गिटारीच्या डोक्यावरचा झुपका

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. माझ्या पोटावर ओरखडे आहेत, सहांतली एक खुंटी मूळची नाही, आणि तरीही मी सध्या भलतीच खुशीत आहे.

एका कारागिराने मला घडवलं. तीन घरं फिरून मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे आले. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. शेवटचं गिऱ्हाईक गेलं, की त्या मशीन झाकून मला मांडीवर घ्यायच्या आणि नुसत्या बोटांनी वाजवायच्या. अंगठा जाड तारांचे सूर सांभाळायचा, बाकीची बोटं चाल वाजवायची आणि मधूनच माझ्या पोटावर तळहाताची थाप! गाणीही त्या स्वतःच रचायच्या. नणंद म्हणायची, "वहिनी, दाराबाहेर वाटतं आत दोघंजण वाजवताहेत."

एकदा त्यांना सभागृहात वाजवायचं बोलावणं आलं. बाईंनी हौसेने पहिल्यांदाच स्वतःच्या हातांनी मला नव्या तारा लावल्या. पण पहिल्याच गाण्यात माझ्या आवाजात चरचर सुरू झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन बाई म्हणाल्या, "थापा मारून मारून हिच्या आतली आधाराची लाकडी पट्टी सुटली. मीच मोडलं हिला."

त्यांनी मला कपाटावर ठेवलं ते दोन वर्षं. गाणी रचणंही थांबलं. माझं पोट ठणठणीत होतं, पण कुणी छेडल्याशिवाय मी बोलणार कशी?

शेवटी नणंदच चिडली. "अगं, दुरुस्तीवाल्याला दाखवून तरी ये!"

"आणि मोडलीच आहे म्हणाले तर?"

"तर निदान कळेल तरी!"

दुरुस्तीवाल्या काकांनी मला ठोकून पाहिलं, पोटात आरसा घालून पाहिलं. मग त्यांची नजर माझ्या डोक्यावर गेली. खुंट्यांपाशी तारांची लांब टोकं झुपक्यासारखी लोंबत होती.

"ही कापली का नाहीत?"

"आम्ही शिवताना माया ठेवतो ना, पुढे कपडा सैल करायला लागला तर? तशीच ठेवली."

काका इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो बाई, हीच टोकं एकमेकांना लागून चरचरतात!" त्यांनी पकडीने सहाही टोकं उडवली आणि जाड तार छेडली. सूर अगदी स्वच्छ आला.

"म्हणजे मी नाही मोडलं हिला?"

"छे हो! आणखी वीस वर्षं बडवा."

बाई स्टुलावर बसून हसता हसता रडल्या. माझा तर जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, वाद्यांना जरूर जपा. पण भिऊन कपाटावर ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. काही बिघडलंसं वाटलं, तर स्वतःला दोष देत बसू नका, जाणत्याला दाखवा.

कालपासून बाई नवं गाणं रचताहेत. थाप मात्र अजून भीत भीतच मारतात. जोरात मारा हो बाई, मी मोडत नाही!