मशीनचा कोंडवाडा

शकुआत्याच्या शेळ्यांची सहा वर्षांची नोंद मी एका सोमवारी सकाळी पुसून टाकली. अकरा वाजले होते. पुसून झाल्यावर चहा आला. बिस्किट बुडवताना तुटून कपात पडलं, ते चमच्यानं काढून खाल्लं. एवढं बारीक आठवतं, कारण त्या दिवसात आठवण्यासारखं दुसरं काही घडलंच नाही. काय पुसलं ते मला गुरुवारी कळलं.

आधी आमचं काम सांगते. बारामतीत एमआयडीसीच्या अंगाला आमचं ऑफिस आहे, बारा माणसांचं. शेतकऱ्यांच्या फोनवर पाण्याचा, खताचा, दुधाचा, जनावरांचा जो निरोप जातो-येतो, तो आमच्याकडून. आमच्याकडून म्हणजे आमच्या खोलीतून नव्हे. सगळं भाड्याच्या मशीनवर चालतं. ती मशीनं मुंबईत कुठंतरी आहेत म्हणतात, मी पाहिलेली नाहीत. त्याला क्लाउड म्हणतात, म्हणजे ढग, पण बिल जमिनीवर येतं. भाडं तासाचं. मशीन राबो की झोपा काढो, चालू आहे तोवर मीटर पडतं. आणि बंद केलं तरी आत ठेवलेल्या सामानाच्या जागेचं भाडं वेगळं.

मी इथं आले ती फॉर्म भरायला. बारावीपर्यंतचं शिक्षण, टायपिंगचा क्लास, एवढ्यावर. ते बिल कुणी वाचत नव्हतं. तीस पानांचं असायचं, साहेब शेवटचा आकडा बघून कपाळाला हात लावायचे आणि भरून टाकायचे. मी एकदा ते घरी नेलं. व्हिडिओ बघत, एकेका ओळीचा अर्थ वहीत लिहीत वाचलं. वाण्याची यादी तपासावी तसं. पहिल्याच महिन्यात दोन मशीनं सापडली, जी तीन वर्षं कुणाच्याही उपयोगाची नव्हती आणि चालू होती. तेव्हापासून बिल माझ्याकडं आलं. आमचे साहेब राजवर्धन माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत. ते मला ताई म्हणतात आणि मी मागितलेली परवानगी न वाचता देतात. शेजारच्या टेबलावरची स्वरूपा म्हणते, "ताई, तुम्ही मशीनांच्या सासूबाई आहात."

अडचण एकच होती. निम्म्या मशीनांचा मालक कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. लावणारा माणूस नोकरी सोडून पुण्याला गेलेला, मशीनचं नाव काहीतरी 'नवीन', 'नवीन-२', 'टेस्ट-३' असं. विचारावं तर जो तो म्हणायचा, माझं नाही, पण बंद करू नका, कुणाचं तरी असेल.

मग मी कोंडवाडा सुरू केला. गावात मोकाट जनावर कुणाच्या पिकात शिरलं की ते ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात घालतात. मालक शोधत फिरावं लागत नाही. जनावर घरी आलं नाही की तोच ओरडत येतो, दंड भरतो, शिव्या देत घेऊन जातो. तसंच करायचं ठरवलं. बेवारस मशीन बंद करायचं आणि पंधरा दिवस वाट बघायची. कुणी ओरडत आलं तर त्याचं नाव मशीनवर लिहायचं आणि पुन्हा चालू करायचं. कुणी नाही आलं तर आतल्या सामानासकट पुसायचं. पाच महिन्यांत चौतीस मशीनं कोंडली. नऊ जणं ओरडत आली, सगळी बाहेरची गिऱ्हाइकं. बिल निम्म्यावर आलं. राजवर्धन साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, पेढे आणले. कोंडवाडा हा शब्द ऑफिसात सगळे वापरायला लागले.

'टेस्ट-३' वर काय आहे, हे मी उघडून पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं. आवाजाच्या फायली होत्या, बारीक बारीक. ऐकली एकही नाही. महिन्याचा आलेख बघितला तर मशीन रिकामंच बसलेलं. दिवसाला चाळीस सेकंदांचं काम, आणि आलेखावर चाळीस सेकंद शून्यच दिसतात. कोंडलं. पंधरा दिवस गेले. कुणी ओरडलं नाही. पूर्वी पुसण्याआधी एक नक्कल ठेवायचो, तीन महिने. पण त्या नकलांचंही भाडं पडत होतं, म्हणून दिवाळीनंतर मीच नियम केला की बेवारस मशीनची नक्कल ठेवायची नाही.

गुरुवारी दुपारी आत्याचा फोन आला. शकुआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, अंथुर्ण्याला दिलेली. तिच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. आता दोन एकर ऊस आणि अठरा शेळ्या. उसाकडं तिचे यजमान, बिरदेवमामा, बघतात, शेळ्या आत्याच्या. तिनं सांगितलं की शनिवारी पैदास केंद्राचे डॉक्टर सरदारला बघायला येणार आहेत. सरदार हा तिचा बोकड, चार दाती म्हणजे दोनेक वर्षांचा, काळाभोर. त्याच्या लेकी आता वयात आल्या होत्या, म्हणजे त्याला कळपात ठेवता येत नव्हतं. केंद्रानं घेतला तर तो पैदाशीला जाईल, नाही घेतला तर बाजारात, आणि बाजारातून कुठं जातो हे सांगायला नको. डॉक्टरांना बोकडाच्या आईबापाची, आजीची नोंद लागते. आत्या म्हणाली, "मी सांगितलेलं समदं कागदावर छापून आण, बाय. सहा वर्साचं हाय."

मी म्हटलं, कशावर सांगितलेलं?

"आगं, तूच न्हाय का नंबर दिलेलास."

दिला होता. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडं एक योजना आली होती. ज्या बायकांना लिहिता येत नाही, त्यांनी रोज एका नंबरवर फोन लावायचा, टूं वाजलं की बोलायचं, कोण व्याली, कोण गाभण, कुणाला लस दिली. इंदापूर तालुक्यातल्या चाळीस बाया मीच जोडल्या होत्या, पहिली आत्या. वर्षभरात योजनेचा पैसा संपला, बायांनी फोन सोडला, मीही विसरले. नंबर चालूच राहिला आणि आत्या रोज सांगत राहिली. रोज चाळीस सेकंद.

मी फोन ठेवला. स्वरूपाला सांगितलं. तिनं क्लाउडवाल्यांना तातडीचा अर्ज टाकला. तासाभरात उत्तर आलं, अतिशय नम्र. पुसलेलं परत मिळत नाही, आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का. स्वरूपा माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं मी रडेन. मला काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल असतो तसं सगळं होतं. मी पाच वाजेपर्यंत पुढच्या चार मशीनांची यादी तपासली.

शुक्रवारी साहेबांकडं पत्र मागितलं, की सहा वर्षांची नोंद होती आणि ती आमच्याकडून गेली. त्यांना खरंच वाईट वाटलं. पण 'आमच्याकडून' नको म्हणाले, 'तांत्रिक कारणामुळे' लिहा, बाकीचे लोक घाबरतील. तसं लिहिलं, त्यांनी सही केली. एसटीत बसल्यावर मी सहीखाली पेनानं लिहिलं, 'मी पुसली. मनिषा.' अक्षर हललं, कारण भवानीनगरच्या पुढं रस्ता खणलेला होता.

शनिवारी सकाळी नऊला मी आत्याच्या दारात. तिनं नवं लुगडं नेसलं होतं आणि सरदारला धुऊन शिंगांना तेल लावलं होतं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कोंडवाड्यासकट सगळं. ती ऐकत बादलीतलं पाणी बघत होती.

"तरीच," ती म्हणाली. "लई दिवस झालं, नुसतीच रिंग वाजायची आन् बंद. कोण उचलत न्हवतं."

"मग मला का नाही सांगितलंस, आत्या?"

"तुला? तुझ्याच हापिसाचा फोन बंद पडला म्हणून तुझ्याच कानावर घालू व्हय? मी काय परकी हाय गाऱ्हाणं आणायला. म्हणलं आसंल काय अडचण तुमची." मग म्हणाली, "सांगायचं न्हाय सोडलं मी. रिंग वाजंस्तवर सांगून टाकायची. म्हणलं मनूच्या हापिसात ऐकत आसतील."

परका असता तर पहिल्याच दिवशी ओरडला असता. मी पाच महिन्यांत ज्या नऊ जणांची नावं मशीनवर लिहिली, त्यातलं एकही माझ्या ओळखीचं नव्हतं. हे मला तिथं गोठ्यात उभी असताना दिसलं. दिसलं, एवढंच.

डॉक्टर दहाला आले. वयस्क, शांत माणूस. सरदारची छाती मोजली, उंची मोजली, दात पाहिले, चालवून पाहिला. असा बोकड यंदा बघितला नाही म्हणाले. मग कागद मागितले. मी पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, खालची पेनची ओळ दोनदा वाचली आणि माझ्याकडं न बघता घडी घालून फाईलीत ठेवलं. म्हणाले, नोंद होती हे मी धरतो. मावशी, तुम्ही तोंडानं सांगा, मी लिहितो.

आत्या बसली आणि सांगायला लागली. सरदारची आई पाखरी, कधी व्याली, किती करडं, दूध किती. बाप कवडीचा लेक, जो नंतर विकला. डॉक्टर भराभर लिहीत होते. मला वाटलं होईल. मग त्यांनी विचारलं, पाखरीची आई कोण?

आत्यानं दोन नावं घेतली. मोरी आणि कवडी, तिच्या जुन्या शेळ्या, दोघी एकाच आठवड्यात व्याल्या होत्या. कवडीला दूध कमी, म्हणून सगळी करडं मोरीला पाजली होती. पाखरी त्यातली कुणाची, हे तिनं त्या संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं. एवढं तिला पक्कं आठवत होतं. काय सांगितलं ते आठवत नव्हतं.

"पयलं समदं डोक्यात धरून बसायची मी," ती मला म्हणाली, जणू माझीच समजूत घालत होती. "झोप लागायची न्हाय. फोन आला तवापासनं, सांगितलं की डोक्यातनं काढून टाकायची. लई हलकं वाटायचं बघ."

डॉक्टरांनी समजावलं. पाखरी मोरीची असली तर बोकड चालतो. कवडीची असली तर चालत नाही, कारण सरदारचा बापही कवडीचाच, म्हणजे दोन्हीकडून रक्त एकच. ते पेन धरून थांबले. मग हळूच म्हणाले, "मावशी, मोरीची लिहू का?"

बिरदेवमामा दारात उभे होते. त्यांनी आत्याकडं बघून मान हलवली, हो म्हण. मीही बघत होते. एक शब्द म्हणायचा होता, आणि तो खराही असायची अर्धी शक्यता होती.

आत्यानं सरदारच्या पाठीवरनं हात फिरवला. "नगं," ती म्हणाली. "त्यो दहा गावांत जाणार. कवडीची आसली मंजी? लोकांच्या घरी लुळी करडं व्हायची आन् त्यास्नी कळायचं बी न्हाय कशानं. न्हाय सांगता येत, डॉक्टर. लिवा तसं."

डॉक्टरांनी तसं लिहिलं. आजपासून पुन्हा नोंद ठेवा, तीन वर्षांनी मला बोलवा, म्हणाले. चहा घेतला. जाताना सरदारच्या कपाळाला हात लावून गेले.

मामा उसाला पाणी द्यायला गेले. आत्यानं शिंगांवरचं तेल फडक्यानं पुसलं, ते फडकं धुतलं, वाळत घातलं. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"त्ये मशीन बंद केलं, त्याचं किती वाचलं गं?"

"महिन्याला तीन हजार नऊशे."

तिनं मनात हिशेब केला. "मंजी एक करडू. दर म्हैन्याला." आणि मग, अगदी मनापासून, "लई हाय की. बरं केलंस."

टोमणा असता तर मी ओळखला असता, आत्याचे टोमणे लहानपणापासून माझ्या ओळखीचे आहेत. हा नव्हता.

माझ्या पिशवीत बिलाची वही होती. तिची मागची पानं कोरी होती. मी ती उलटी उघडली, वर तारीख घातली, आणि आम्ही गोठ्यात गेलो. आत्या एकेका शेळीच्या कानाला धरून नाव सांगायची, वय सांगायची, आणि आईपाशी आली की आठवून बघायची. सहाजणींच्या आया तिला पक्क्या आठवल्या. बाकीच्यांपुढं मी 'माहीत नाही' लिहिलं. पहिल्या दोन वेळा लिहिलं तेव्हा काही झालं नाही. पाचव्या-सहाव्याला पेन उचलेना.

"लिव की," आत्या म्हणाली. "म्हाईत न्हाय तर न्हाय. त्यात काय चोरी हाय?"

लिहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आलो. शेवटी सरदार बांधलेला होता. मी नव्या ओळीवर 'स' काढला.

"त्याला नगं," आत्या म्हणाली. "त्यो उद्याच्या बाजारात चाललाय. कशाला जागा आडवायची."

मी तो 'स' खोडला नाही. ओळ तशीच ठेवून, तिच्याखाली दावणीबाहेर फिरणाऱ्या दोन करडांची नावं विचारली.