एका देशासाठी

खुशालनं यंत्रावरची ताडपत्री ओढली, तेव्हा फोन अजून त्याच्या कानालाच होता. त्याचा मुलगा भूपेंद्र नागपूरला पेटंटच्या वकिलाकडे नोकरीला होता. तो सांगत होता, "झालं, बाबा. तो देशही करारात आला, आन आपला अर्जही गेला. आता कोनालेही दाखवा."

चिचगडला खुशालच्या वेल्डिंगच्या दुकानात यंत्र चार वर्षं झाकून होतं. चारोळीची कडक बी फोडायचं, आतला दाणा मात्र अख्खा ठेवायचं. पेटंटच्या करारातल्या सगळ्या देशांसाठी एकच अर्ज पुरतो. पण अर्जाच्या दिवशी जो देश करारात नाही, तो सुटतो. शेजारचा एक देश तेव्हा बाहेर होता, आणि चारोळीची झाडं तिथल्या डोंगरांतही होती.

"बाकीच्या देशांचा अर्ज आताच जाते, बाबा, मंग कोनालेही दाखवा. एक देश सुटंल, बस," भूपेंद्र तेव्हा म्हणाला होता.

"एकही काऊन सोडाचा? थांबू."

अर्ज जाईपर्यंत यंत्र कोणाच्या नजरेस पडायला नको होतं. खुशालनं ते कोणालाच दाखवलं नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, गीताबाईलाही नाही.

गीताबाई दर उन्हाळ्यात जंगलातून बिया आणून जात्यावर भरडायची. यंत्र झाकल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिचा उजवा खांदा धरला. खुशालनंच तिला मोटरसायकलवर बसवून देवरीला नेलं. जातं बंद करा, डॉक्टर म्हणाले. परतताना वाटेत दुकान लागलं. खुशालनं गाडीचा वेग कमी केला नाही. तेव्हापासून ती बिया न फोडताच व्यापाऱ्याला देत होती, तो म्हणेल त्या भावात.

आज त्यानं यंत्र ऑटोत घालून तिच्या अंगणात आणलं. गीताबाईनं ओंजळभर बिया टाकल्या आणि डाव्या हातानं दांडा फिरवला. सुपात अख्खे दाणे पडू लागले. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"एवढा हलका फिरते?"

"हो, बाई."

"कधी बनवलास?"

खुशालनं गळ्यातला दुपट्टा काढून हातात धरला. "तुहा खांदा धरला, त्याच्या आधी."

गीताबाईनं दांडा फिरवायचा थांबवला.

"मंग काऊन नाही सांगितला?"

"कोनी पाह्यलं असतं तं पेटंट गेलं असतं."

"पुरा गेला असता?"

त्यानं दुपट्ट्यानं यंत्राची बाजू पुसली. तिथं पुसण्यासारखं काही नव्हतं.

"पुरा."

गीताबाईनं मान हलवली. "मंग बरा केलास, भाऊ. एवढी मेहनत तुही, कायले वाया घालवाची?"

आणि उजवा हात तसाच मांडीवर ठेवून तिनं पुन्हा दांडा फिरवायला घेतला.