देवाच्या कोंडीचा बांध

माझ्या बापाला माणसांपेक्षा मासे जवळचे. हे मी चिडून म्हणतेय आणि चिडूनच म्हणणार. आमच्या रवळनाथाच्या देवळाखाली नदीला खोल कोंड, म्हणजे डोह आहे, तिथल्या माशाला गावात कुणी हात लावत नाही. कोंडीच्या वर कडा, खाली चिऱ्यांचा बांध. दर साली मृगाआधी तो बांध बुजवून पक्का करायचा आणि पहिला धोंडा आमच्या घरचा, हा बाबांचा मान. बांध कशाला, तर देवाचे मासे पुरात खाली जाऊ नयेत आणि खालच्या वाडीने ते खाऊ नयेत. एवढं करून बाबांनी मला दिली कुठे? त्याच खालच्या वाडीत!

गोवा अजून फिरंग्यांकडे होता, त्या सुमारास मासळी खात्यातला गुरुदास नावाचा तरुण साहेब नदीची पाहणी करत आला. कोंडीत जाळं टाकायला बंदी, म्हणून बिचारा सकाळभर खडकावर बसून तांदूळ टाकत नुसता बघत राहिला. मी माहेरपणाला आले होते, चहा घेऊन गेले. बाबा नुसते फुशारले होते.

"बघलात सायबानु? कसले रेडे झालेत ते!"

"मोठे आहेत," गुरुदास म्हणाला. "पण पिल्लं कुठे आहेत?"

बाबा वाकून पाण्यात शोधू लागले. कोंडीत बोटभर मासा आपण शेवटचा कधी पाहिला, ते मलाही आठवेना.

"नुसते म्हातारे उरलेत. पावसात यांना अंडी घालायला उथळ, खडीचं पाणी लागतं. ते बांधाच्या खाली आहे. तुम्ही दार लावून घेतलंत. हे मेले की कोंड रिकामी. बांध काढा, पण बुडापासून काढा."

बाबांनी साहेबाचं ऐकलं नाही, देवाला विचारलं. गुरवाने कौल लावला. उजवं फूल पडलं, म्हणजे होकार. आता देवापुढे कोण बोलणार? मृगाआधी बाबा बांधावर उतरले आणि ज्या हातांनी धोंडे रचले त्याच हातांनी काढले. पण फक्त वरचे. बुडाच्या चिऱ्यांना हात लावला नाही. घरी येऊन माझ्यावर डोळे वटारले.

"रुक्मिणी, तुमच्या वाडीत एक जरी चुलीर चढलो, तर बांध परत घालतलंय. मगे देव येवंदे नायतर सायब."

तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. पाऊस लागला, नदी तांबडी झाली आणि मी सासरी घरोघरी वास घेत हिंडू लागले. कुणाच्या घरून वाटपाचा खमंग वास आला की निमित्त काढून आत जायचं आणि टोपात डोकावायचं. बायका हसायच्या. हसोत. कोंड रिकामी झाली तर माझा बाप जगायचा नाही, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

आषाढ सरता सरता उघडीप पडली, नदीचं पाणी ओसरलं. आणि एका संध्याकाळी माझ्या नवऱ्याने, लवूने, ओसरीवर टोपली आपटली. आत कोपरापर्यंत लांब खडस मासा. शेपटीचा एक पाख तुटलेला. बाबांची तुटकी! रोज त्यांच्या हातचे तांदूळ खाणारी.

"मेल्या, ही देवाची!"

"माका काय म्हायत? सगळे मासे सारकेच."

सासू खोबरं किसत बसली होती. मी कुठे, कशी धरली ते विचारून घेतलं, टोपली उचलली आणि माहेरची वाट धरली. लपवता आलं असतं. पण बाबा रोज खडकावर बसून तिला हाका मारत होते, ते मला बघवलं नसतं. वाटभर वाटत होतं, आता बाबा पहारीने धोंडे सरकवून बांध परत घालणार आणि सगळं मातीत जाणार.

बाबांनी तुटकीला मांडीवर घेतलं. पोटावरून अंगठा फिरवला. पोट सपाट होतं.

"अंडी घालून झाली हिची," ते पुटपुटले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "जावयान खंय धरल्यान?"

"बांधाच्या मुळात. वर उड्यो मारी होती म्हणता. पाणी उतारला, तिका चढाक गावला नाय."

मला वाटलं, आता फुटणार माझ्यावर.

"पळान नाय गेली गो ती," ते म्हणाले. "घराक येय होती."

आणि माझा बाप, जो आई गेली तेव्हाही रडला नव्हता, तो त्या माशाला पोटाशी धरून रडला. मीही रडले. सासर खालच्याच वाडीत, तरी वर्षातून एकदा माहेर, त्यालाही हजार विनवण्या. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तुटकीला आम्ही देवळामागे पुरलं. हात धुऊन बाबांनी पहार उचलली आणि उतरणीला लागले. मी मागून धावले, हात धरायला. त्यांनी पहार बांधाच्या बुडाच्या चिऱ्यात घातली आणि मला म्हणाले,

"बघतंस काय? हात लाव."