सोनेरी कार्डाचा पाहुणा

लाउंजच्या दारावर बसणाऱ्या डायानिस आब्रेगोला आतापर्यंत ताकिदीचे दोन कागद मिळाले होते. तिसरा मिळाला की नोकरी गेली.

पहिला कागद मिळाला तो एका आजोबांपायी. त्यांच्याकडे सोनेरी कार्ड होतं, त्यावर एक पाहुणा आत नेता येतो, आणि त्यांच्यासोबत बायको आणि तीन वर्षांची नात होती. डायानिसने नातीला मोजलंच नाही. विमान कंपनीने मोजलं. दुसरा मिळाला, कारण दर आठवड्याला येणाऱ्या एका गृहस्थांना तिने तोंडओळखीवर आत सोडलं, कार्ड यंत्राला लावलंच नाही. पनामाच्या विमानतळावरचं हे लाउंज, त्यातले गुबगुबीत सोफे आणि सूप, सगळं सतत उडणाऱ्या लोकांसाठी. तिथे माणुसकी दाखवायची तर आधी यंत्राला विचारायचं, असा एकूण कारभार.

आणि या आठवड्यात भूत येणार होतं. कंपनी गुपचूप तपासणीला जो खोटा प्रवासी पाठवते, त्याला दारावरच्या मुली भूत म्हणत. भुतं नाटकं करण्यात पटाईत. एक पायाला प्लास्टर बांधून आलं होतं, एक आई गेली म्हणून हुंदके देत. त्या हुंदक्यांना दारावरचाच रोडरिक फसला. त्याने दारापुढच्या दोरीपलीकडे पाण्याची बाटली दिली आणि महिना संपायच्या आत तो बसस्टँडवर मोबाईलची कव्हरं विकू लागला. लाउंजमधलं काहीही दोरीबाहेर द्यायचं नाही, असा नियम आहे.

दुपारी तीनच्या सुमाराला लिफ्टमधून एक माणूस बाहेर आला. पन्नाशी उलटलेला, अंगात नुसता शर्ट, हातात लहान बॅग. चालताना त्याने दोनदा भिंत धरली. डायानिसच्या टेबलाशी येऊन त्याने तिकीट पुढे केलं, तेव्हा त्याची बोटं थरथरत होती.

यंत्राचा दिवा लाल झाला.

"माफ करा साहेब, तुमच्याकडे कार्ड नाही. साध्या तिकिटावर प्रवेश नाही."

"माहितीये मला," तो म्हणाला. कपाळावरून घाम निथळत होता, आणि इथे तर एसीने बोटं गारठतात. "मुली, माझी साखर उतरलीये. मधुमेह आहे मला. गोळ्या कोटाच्या खिशात होत्या, कोट मागच्या विमानात राहिला. काहीतरी गोड दे. जरा बसू दे."

आलं, डायानिसला वाटलं. हेच ते भूत. प्लास्टर झालं, हुंदके झाले, आता साखर.

"खाली चौदा नंबरच्या गेटजवळ कॅफे आहे, साहेब."

"तिथवर पोचणार नाही मी."

टेबलावर काचेची बशी होती, रंगीत कागदातल्या लिमलेटच्या गोळ्यांनी भरलेली. सदस्यांसाठी. त्याचा हात बशीकडे सरकला. डायानिसने ती अलगद आपल्याकडे ओढून घेतली. विचार करून नाही, सवयीने.

त्याने हात मागे घेतला. दोरीच्या खांबाला धरून तो हळूहळू खाली बसला आणि फरशीकडे बघत राहिला.

खोटा माणूस इतका पांढरा पडू शकतो का? डायानिसने फोन उचलला. विमानतळाचे डॉक्टर दुसऱ्या टोकाला, कुणाचं तरी नाक फुटलं होतं, यायला वीस मिनिटं. सुपरवायझर एफ्राइनला लावला तर तो मीटिंगमध्ये. माणसाचे ओठ आता निळसर दिसत होते. तो काहीतरी पुटपुटत होता, शब्द एकमेकांत अडकत होते. डायानिस नियमांचं पान डोळ्यांसमोर आणून त्यात फट शोधत होती. तिला आईची आठवण आली. 'माझी पोरगी विमानतळावर, एसीत' असं सगळ्या गल्लीला सांगणारी आई. आईला काय वाटेल याची लाज वाटली, स्वतःचीही वाटली, पण शोधणं थांबलं नाही.

आणि फट सापडली. पाहुणा! याचं तिकीट याच कंपनीचं होतं. कुणी सोनेरी कार्डवाला सोबत घेऊन शिरला, तर नियमात बसत होतं. पाहुणा कार्डवाल्याबरोबरच दारातून आला पाहिजे, एवढीच अट. आत डोन्या कासिल्दा, म्हणजे कासिल्दाबाई, होत्या, एकट्याच. दर मंगळवारी ग्वातेमालाहून कापड आणणाऱ्या, सूप गार आहे म्हणून दर मंगळवारी भांडणाऱ्या. त्या बाहेर येऊन पुन्हा आत शिरल्या तर?

तिने दार अर्धं उघडून हाक मारली. "डोन्या कासिल्दा! जरा बाहेर येता का? पुन्हा आत जायचंय तुम्हाला."

"मी काय वेडी आहे का?" आतून आवाज आला. "आत्ता कुठे सूप गरम मिळालंय!"

"हात जोडते. एका माणसाला पाहुणा म्हणून आत न्यायचंय. आजारी आहे."

चमचा आपटल्याचा आवाज झाला. डोन्या कासिल्दा दारात आल्या, नॅपकिन अजून गळ्यात. त्यांनी फरशीवरच्या माणसाकडे पाहिलं, मग डायानिसकडे, मग टेबलाकडे.

"काय झालंय याला?"

"साखर उतरलीये म्हणतो. तुमचं कार्ड द्या, लगेच लावते, मग आपण याला..."

"अगं बये, कार्ड कसलं लावतेस! समोर बशी आहे ना तुझ्या!"

"त्या गोळ्या सदस्यांसाठी आहेत, डोन्या."

"मग मी कोण आहे?" डोन्या कासिल्दांनी कार्ड तिच्या हातात कोंबलं, मूठभर गोळ्या उचलल्या, गुडघे टेकून खाली बसल्या, दातांनी कागद फाडला आणि गोळी त्या माणसाच्या गालात सरकवली. "चोख रे बाबा. गिळू नकोस. चोख. बारा वर्षं उडतेय या कंपनीनं, तेवढ्या गोळ्या माझ्या वाटच्या नक्की असतील."

दुसरी गोळी. तिसरी. डायानिस कार्ड हातात धरून उभी होती. माणसाच्या ओठांवर रंग परतू लागला, तेव्हा तिने कार्ड यंत्राला लावलं. दिवा हिरवा झाला. दोघींनी त्याला धरून आत नेलं.

तासाभराने तो एकटाच बाहेर आला. केस ओले करून विंचरलेले, पावलं ठाम. टेबलाशी थांबून त्याने बॅगेतून कंपनीचं ओळखपत्र काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. लेओनिदास बारिएन्तोस, तपासणी विभाग.

"म्हणजे तुम्ही..." डायानिसने ते दोनदा वाचलं. "ते सगळं नाटक होतं?"

"नाटक दुसरंच ठरलं होतं. बायकोचं कार्ड घेऊन येणार होतो, तू पकडतेस का ते बघायला. तेही कोटातच राहिलं. साखर खरीच उतरली." त्याने टॅबलेट तिच्याकडे वळवला. "सांगायची परवानगी नाही मला, पण हे तू बघावंस असं वाटलं."

पडद्यावर प्रश्न होते. अपात्र प्रवाशाला प्रवेश नाकारला? हो. पाहुण्याचा नियम पाळला? हो. लाउंजमधली कोणतीही वस्तू कर्मचाऱ्याने दोरीबाहेर दिली? नाही. खाली एकूण गुण होते, शंभरपैकी शंभर.

"नऊ वर्षांत पूर्ण गुण मी चौघांनाच दिलेत," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"साहेब, मला वाटलं तुम्ही..."

"भूत आहे असं वाटलं. कळलं मला. आम्हीच शिकवलंय तुम्हाला ते."

त्याने बॅग उचलली. जाताना नजर बशीवर गेली. डायानिसने घाईने ती त्याच्यापुढे सरकवली. "घ्या ना, साहेब. विमानात लागतील."

"नको," तो म्हणाला. "मी सदस्य नाही." आणि लिफ्टकडे गेला.

पाच वाजता एफ्राइनचा फोन आला. तो भलताच खूश होता. "डायानिस, शंभर! आपल्या लाउंजला पहिल्यांदाच! मागचे दोन्ही कागद मी फाडायला सांगतोय. बोल, काय हवं तुला?"

डायानिस उभी राहिली. फोन खांद्याने कानाशी दाबून तिने बशी दोन्ही हातांनी उचलली, दोरी ओलांडली आणि लिफ्टसमोरच्या रिकाम्या खुर्चीवर नेऊन ठेवली.

"ते फाडा," ती म्हणाली. "आणि एक नवीन लिहायला घ्या. गोळ्यांची बशी मी दोरीबाहेर ठेवलीये, आणि ती तिथेच राहणार आहे."