जीपवरचं काळं मांजर

चातुर्मासात खोटं बोलायचं नाही असा उर्मिलाबाईंनी नेम धरला, आणि मनमोहनरावांनी नेमकी तेव्हाच लढाईतली जीप दारात आणली. देवाच्या मनातलं आपल्याला काय कळणार!

जीप लष्कराच्या मोडीतली. गिरगावच्या घरापुढे ती दुरुस्त झाली, तिला हिरवा रंग चढला. उरल्या त्या खुणा. दादरच्या मैदानावर लढाईतल्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, आणि ज्या गाडीवरच्या खुणा अस्सल, तिला चांदीचा पेला. मनमोहनराव हातात पट्टी घेऊनच उभे राहत.

"गुणाजी, तारा एवढाच. चकाकता रंग नको. सूतभर चूक चालणार नाही. जसं होतं तसंच!"

हे ऐकलं की तुळशीला पाणी घालणाऱ्या उर्मिलाबाईंची मान खाली जाई. ब्रह्मदेशच्या ज्या लढाईच्या गोष्टी यजमान गल्लीभर सांगत, ती त्यांनी पाहिलीच नव्हती. युद्धभर ते घाटावरच्या रसदीच्या कोठारात डाळ-तांदूळ सांभाळत होते, आणि रजा मिळाली की रविवारी घरी पापलेट खायला येत होते.

गुणाजी लालबागचा रंगारी. संयुक्त महाराष्ट्राचे फलक रंगवून त्याची बोटं लाल झालेली. शेवटची खूण ऐकल्यावर मात्र त्याने ब्रश खाली ठेवला. ब्रह्मदेशात लढलेल्या डिव्हिजनची ती खूण होती, काळं मांजर.

"बाईनू, सायबांक सांगा," तो म्हणाला. "ह्यां मांजर काळां, आनि गाडी चालती. सगळ्या गिरगावाक आडवां जातलां!"

"अरे, त्या मांजराने शत्रू पळवला!" मनमोहनराव गरजले.

"शत्रूक आडवां गेलां तां बरां झालां. हय आपलीच मान्सां रवतत मा!"

शेवटी नारळ वाढवून त्याने मांजर काढलं आणि हळूच त्याच्या कपाळाला कुंकू टेकवलं. मनमोहनरावांनी ते रुमालाने पुसलं. कुंकू अस्सल नव्हतं ना!

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी ते देवघरापाशी घुटमळले. "अगं, परीक्षक कर्नलसाहेब खुद्द ब्रह्मदेशात लढलेले. तुला काही विचारलंच तर..."

"माझा नेम आहे, अहो."

"एक दिवस देव डोळेझाक करील."

"देव करील हो. मी कशी करू?" मग त्यांनाच वाट सुचली. "उद्या मौन धरते. दिवेलागणीपर्यंत."

मनमोहनराव बायकोच्या पाया पडायचेच बाकी राहिले.

मैदानावर साताऱ्याकडच्या त्या म्हाताऱ्या कर्नलसाहेबांनी तारा, आकडे, मांजर, सगळं निरखलं आणि मान डोलावली. मग ते उर्मिलाबाईंकडे वळले. "वहिनी, हे तिकडे असताना तुम्ही फार सोसलं असेल."

उर्मिलाबाई गप्प. जीपच्या आरशावरून ऊन डोळ्यांत आलं आणि पाणी गालावर ओघळलं. कर्नलसाहेबांनी टोपी काढली. भोवतीची माणसं हळहळली. पेला मनमोहनरावांना मिळाला, तो त्या पाण्यासकट.

घरी येईपर्यंत उर्मिलाबाईंच्या जिवाला घोर लागला. तोंड न उघडता आपण एवढं मोठं खोटं बोललो! आणि चहाला कर्नलसाहेबही सोबत आलेले. मनमोहनराव त्यांना ब्रह्मदेशातल्या इरावती नदीचं पाणी किती खोल ते सांगत होते. उर्मिलाबाईंनी दिवा लावला, हात जोडले आणि बाहेर आल्या.

"भाऊसाहेब, मघाशी तुम्ही विचारलंत. मी काही सोसलं नाही. हे घाटावर डाळीच्या कोठारात होते. रविवारी यायचे."

कर्नलसाहेबांनी कप खाली ठेवला आणि ते मनमोहनरावांकडे वळले.

"म्हणजे ती किडकी डाळ आम्हांला तुम्ही पाठवलीत!"

"किडकी?" मनमोहनराव ताडकन उभे राहिले. "माझ्या कोठारातली? एकेक पोतं मी उन्हात घालून, स्वतः हात घालून बघितलंय, साहेब! कीड लागली असेल ती बोटीवर!"

इतक्या वर्षांत यजमानांना असं लढताना उर्मिलाबाईंनी प्रथमच पाहिलं. कर्नलसाहेब मात्र खो खो हसले. "पेला ठेवा, तो गाडीचा आहे. पण त्या मांजराला आता रजा द्या."

सकाळी गुणाजी आनंदाने मांजर खरवडू लागला. त्याच्या जागी रसदखात्याचा लाल-हिरवा चौकोन यायचा होता.

"तिरपी रेघ नीट, गुणाजी! जसं होतं तसंच!" पट्टी घेऊन मनमोहनराव ओरडले. मग शेजाऱ्याला म्हणाले, "लढाई जिंकली कशावर? डाळीवर!"

उर्मिलाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. थोडं अती होतंय, हे त्यांना कळत होतं. पण मान ताठ राहिली.