सोनेरी रंगाखालचे पोपट

मित्रांनो, मी एक जुनी प्रभावळ आहे. गणपतीच्या मूर्तीमागे लाकडी कमान उभी असते ना, तीच मी. हल्ली लोक मला 'मागचं डेकोरेशन' म्हणतात. म्हणोत बापडे! माझं लाकूड मात्र ते ऐकून तडकतं.

माझा जन्म सावंतवाडीकडचा. एका चिताऱ्याने फणसाचं लाकूड कोरून मला घडवलं आणि अंगभर पोपट, केळफुलं, आंब्याची पानं रंगवली. गिरणीत कामाला असलेल्या कोकणी माणसांनी मला दहिसरच्या चाळीत आणलं. तेव्हापासून तिथला गणपती माझ्याशिवाय बसला नाही. लोक देवाला हात जोडायचे आणि मग माझ्याकडे बघत राहायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पुढे धूप-कापराच्या धुराने मी इतकी काळवंडले, की अंगावरचं चित्र दिसेनासं झालं. मंडळातल्या जयवंताला ते बघवेना. दर श्रावणात तो सोनेरी ऑइलपेंटचा डबा घेऊन यायचा आणि मला डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊ घालायचा. माणूस देवगुणी, पण त्याच्या मायेखाली माझे पोपट गुदमरले. लोक म्हणायचे, "झकास! नवीकोरी दिसते." कसली नवीकोरी! थरावर थर चढून मी गुळाची ढेप झाले होते.

गेल्या वर्षी जयवंत गेला. त्याचा मुलगा सुयोग म्हणाला, "आई, बाबांच्या नावाने मंडळाला फायबरची प्रभावळ देऊया ना. लायटिंगवाली. खाली मोठं लिहू, जयवंत यांच्या स्मरणार्थ."

त्याची आई रुक्मिणी. शाळा दुसरीपर्यंत, जीभ मात्र मॅट्रिक पास. "मेल्या, तुझा बाप काय देवळातला पंखा होता, नाव रंगवून टांगायला? तो जन्मभर हिला जपत आला. द्यायचं तर हिच्या औषधपाण्याला द्या."

मग पार्ल्याहून रुचिरा आली. जुनी चित्रं, जुनं लाकूडकाम सुधारणं हा तिचा व्यवसाय. तिने माझ्या खांद्यावर ओला बोळा फिरवला, हळूच खरवडलं, आणि एक हिरवा पोपट बाहेर डोकावला.

"आयला!" सुयोग ओरडला.

"आजी, खालचं चित्र वाचवायचं तर वरचा सोनेरी रंग काढावा लागेल," रुचिरा म्हणाली.

"तो माझ्या घोवाचा हात आहे गो. त्याच्या आठवणीसाठी तुला बोलावलं आणि तू त्यालाच पुसतेस?"

रुचिराने बोळा खाली ठेवला. मला वाटलं, संपलं, पोपट पुन्हा अंधारात. रुक्मिणी माझ्याजवळ सरकली. मग तिने पोपटाच्या चोचीवर बोट ठेवलं.

"काढ. खाली हे आहे असं त्याला ठाऊक असतं, तर डबा घेऊन आलाच नसता. पण पायथ्याशी वीतभर सोनेरी ठेव. तिथे ब्रश पुसायचा तो."

"ठेवते, आजी. आधी काय होतं ते कळावं म्हणून आम्हीही एखादा तुकडा राखतोच."

यंदा मी पोपटांसकट गणपतीमागे उभी राहिले. आरती झाली आणि शेजारची सई पायथ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, एवढं साफ करायचं राहिलं गं!"

"राहिलं नाही गं बाय, राखलंय," रुक्मिणी म्हणाली. "तुझ्या जयवंत आजोबांनी रंगवलंय ते. बघ, पण हात लावू नको."

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी कोणी म्हातारी असेल. तिला नवी करायला धावू नका. आधी जाणत्याला दाखवा. आणि गेलेल्या माणसासाठी काही करावंसं वाटलं, तर त्याने जे जपलं ते जगवा. नाव कोरायची गरज पडत नाही. एखादं पोर विचारतं आणि घरातलं कोणी सांगतं.