पाठीवरची देशी

आमच्या डाळजच्या आळीत रोज संध्याकाळी एक तपासणी व्हायची. म्हस्कू लोणी देवकरच्या कारखान्यातली पाळी संपवून आला, की उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. त्याची बायको सुकन्या आतून यायची, चवड्यांवर उंच व्हायची आणि म्हणायची, "करा." म्हस्कू तोंड वासून "हाऽ" करायचा. दारूचा वास नसला तर आत घेऊन चहा. वास आला, तर दारामागच्या खुंटीला एक भरलेली पिशवी टांगली होती. ती उचलून सुकन्या लेकीसकट माहेरी इंदापूरला जाणार होती, आणि परत येणार नव्हती. म्हस्कू बारामतीच्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला, त्या दिवशीच तिनं ती पिशवी भरली.

सुरुवातीला आळीतल्या बायका कसलं तरी निमित्त काढून त्या वेळेला ओट्यावर यायच्या. पुढं निमित्त काढायचंही सोडलं. पोरं खेळताना एकमेकांना "करा" म्हणायची. माझं घर म्हस्कूच्या समोरच. मी नात्यानं त्याचा चुलता, सगळे मला तात्या म्हणतात. मी म्हैस अशी बांधायचो, की धार काढताना ते दार बरोबर समोर यावं.

एका रविवारी म्हस्कूला सुट्टी होती. शेजारच्या रावजीआबाचा फवारणीचा गडी आला नव्हता. आबा म्हणाला, "म्हस्कू, तेवढं वांग्याला औषध मारून दे की." म्हस्कू नाही म्हणणाऱ्यातला नव्हे. पंप आबानंच भरून ठेवला होता. म्हस्कूनं तो पाठीला लावला आणि वांग्यात शिरला.

मी हौदावर म्हैस धूत होतो. थोड्या वेळानं म्हस्कू तरातरा चालत आला. पाठीवर पंप नाही, सदरा ओला, आणि दारूचा भपकारा त्याच्या आधी हौदावर पोचला.

"म्हस्क्या, काय केलंस रं हे?"

"तात्या, पिलो न्हाय. आबानं पंपात देशी घातलीया. वांग्याला तेज यावं म्हणून."

आमच्या भागात हे खूळ आहे. औषधाबरोबर पिकावर देशी मारली, की माल चकाकतो म्हणतात. माल चकाकलेला मी अजून बघितला नाही. बाटल्या रिकाम्या झालेल्या मात्र बघितल्यात.

"वारं फिरलं अन् सगळं अंगावर आलं," म्हस्कू म्हणाला. "आधी नाकाला कळलं, मंग जीभ उठून बसली. पंप बांधावर ठेवला अन् हितं आलो. बारामतीला केंद्राच्या बैठकीत धम्मदीप सर सांगत्यात, जीभ उठली की एकट्यानं ऱ्हायचं न्हाय. माणसाजवळ जायचं."

"मग मी माणूसच हाय. धर ही म्हैस."

त्यानं दावं धरलं. मूठ गच्च आवळली होती. म्हशीनं त्याला हुंगलं, फुर्र केलं आणि तोंड फिरवलं.

"बघ, हिनंबी तपासणी केली."

म्हस्कू हसला. मी त्याला तंबाखूची चिमूट दिली, इकडचं तिकडचं बोलत राहिलो. म्हैस धुऊन होईपर्यंत त्याची मूठ सैल झाली.

जीभ निजली, पण वास जागाच होता. ऊन उतरलं होतं, तपासणीची वेळ जवळ आली होती. मी म्हणालो, "हौदात बुचकळून निघ. माझा सदरा घाल. एक कांदा खा, वर ह्यो पेरूचा पाला चाव."

म्हस्कूनं पाला हातात घेतला, बघितला आणि मला परत दिला.

"तात्या, पिऊन यायचो तवा हेच सगळं करून जायाचो. तिला दर बारीला कळायचं. आता न पिता हेच करू व्हय? मग फरक काय पडला?"

मी तो पाला म्हशीपुढं टाकला.

म्हस्कू आळीत शिरला आणि लांबूनच ओरडला, "सुकन्या! वास येतोय! पिलेलो न्हाय! आधी ऐक, मग हुंग!"

ओटे भरले. सुकन्या दारात आली. तिनं पंपापासून हौदापर्यंत सगळं ऐकून घेतलं. तिचा एक हात दारामागं होता. मग तिनं सदरा हुंगला आणि तोंड वाकडं केलं.

"करा."

"हाऽ."

"परत."

"हाऽऽ."

"देशी न्हाय," सुकन्या म्हणाली. "पण तंबाखू हाय. ती कुणी दिली?"

सगळी आळी माझ्याकडं बघायला लागली.

सुकन्यानं दारामागचा हात काढला, पदर खोचला आणि थेट रावजीआबाचं घर गाठलं. आम्ही सगळे मागोमाग. आबा बाजेवर पडला होता.

"आबा, पंपात काय हाय ते सांगायचं तरी हुतं!"

"अगं पोरी, ध्यानातच आलं न्हाय. वांग्याला जरा..."

"करा."

"आँ?"

"हा करा."

आबाची बायको कुशाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "करा की. मलाबी कळू द्या."

आबानं इकडं तिकडं बघितलं. वाट कुठंच नव्हती. त्यानं बारीक "हा" केला. कुशाबाई मागं सरली आणि म्हणाली, "वांग्याला किती घातली, अन् वांग्याच्या मालकाला किती?"

घरी आल्यावर सुकन्यानं खुंटीवरची पिशवी काढली. म्हस्कू जागच्या जागी थिजला. तिनं पिशवी बाजेवर उपडी केली. दोन लुगडी आणि लेकीचे कपडे पडले. रिकाम्या पिशवीत तिनं तो ओला सदरा कोंबला.

"हे आबाच्या घरी देऊन या. धुतील तेच."

दुसऱ्या दिवशी म्हस्कू कामावरून आला आणि सवयीनं उंबऱ्याबाहेर तोंड वासून उभा राहिला. आतून आवाज आला, "आत या. चहा गार हुतोय."

"अन् तपासणी?"

"काल मी हुंगायच्या आधी तुमी सांगितलं. तसंच सांगत जावा."

म्हस्कू काही हरवल्यासारखा जरा वेळ तिथंच घुटमळला. मग चपला काढून आत गेला.

इतक्यात रावजीआबाच्या दारातून "हाऽ" ऐकू आलं. मी उठलो आणि म्हैस तिकडं तोंड करून बांधली.